माझी आखणी कुंदीला दे

बायआत्या अंथरुणाला खिळली तेव्हा रोह्याहून काकू तिला बघायला एकदाच आली आणि येताना केळी घेऊन आली. तीही कच्ची. "ऱ्हाऊ देत, पिकतील सावकाश," म्हणून तिने ती फळीवर ठेवली. डॉक्टरांनी जिच्याबद्दल अण्णांना बाजूला घेऊन नुसती मान हलवून दाखवली होती, तिच्यासाठी सावकाश पिकणारी केळी आणणारी ही बाई आत्याची सख्खी थोरली जाऊ. आत्या गेली त्या दिवशी ती केळी नुकती कुठे पिवळी व्हायला लागली होती. मी ती शेजारच्या गाईला घातली. तिनेही आधी हुंगून बघितली.

बायआत्या म्हणजे माझ्या वडिलांची, अण्णांची, धाकटी बहीण. तिला रोह्याला दिली होती. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा तापाने गेला, पदरात मूल नाही. मग सासरच्यांनी तिला 'ठेवून घेतली', असं ते स्वतः सगळ्यांना सांगायचे. ठेवली होती ती मागच्या पडवीत, जळणाच्या ढिगाशेजारी. मी लहान असताना एकदा अण्णांबरोबर गणपती पोचवायला त्या घरी गेले होते. पुढच्या खोलीत मखर, समया, झांजा, भाऊकाकांचा खणखणीत आवाज. भाऊकाका म्हणजे आत्याचे थोरले दीर. आरती सुरू झाली आणि आत्या कुठे दिसेना म्हणून मी शोधत मागे गेले, तर ही पडवीच्या उंबऱ्याआड उभी. माजघराच्या दारातून मखराची एक कड दिसत होती, तिच्याकडे बघत टाळ्या वाजवत होती. हळूहळू, आवाज होणार नाही अशा. विधवेने देवापुढे यायचं नाही, हा काकूचा नियम. मी म्हटलं, "आत्या, चल ना पुढं." तर म्हणाली, "नको गो. मला हितनं दिसतो. त्याला मी दिसत नाय, येवढंच." पुढे एके दिवशी ती पत्र्याची पेटी घेऊन एसटीतून पेणला उतरली ती परत गेलीच नाही. तिला न्यायला रोह्याहून कोणी आलंही नाही.

पेणला आमचं घर म्हणजे पुढे गणपतीचा कारखाना आणि मागे दोन खोल्या. कारखाना म्हणायचं म्हणून म्हणायचं. कौलांखाली फळ्यांच्या रांगा, साचे, शाडूचा ढीग आणि कायम नाकात बसलेला सरसाचा वास. दिवसभर पॉलिश पेपरची खसखस चालू असायची. तो आवाज थांबला तर आई स्वयंपाकघरातून डोकावून बघायची, काय झालं म्हणून. आत्या पहिल्यांदा पॉलिशच्याच कामाला बसली. मग रंगाला. मग एका वर्षी आखणीवाला ऐन गर्दीत काम सोडून गेला आणि अण्णा कपाळाला हात लावून बसले, तेव्हा आत्याने न विचारता एक मूर्ती ओढली आणि तिचे डोळे काढले. अण्णांनी मूर्ती दारात उजेडाला नेली, उजवीकडून बघितली, डावीकडून बघितली आणि आईला म्हणाले, "बायला चा कर." आमच्या घरात याहून मोठा सत्कार होत नसे.

आमच्या धंद्यात आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. एवढाच अर्थ. पापणीची रेघ, लालसर कड, बुबुळ आणि शेवटी बुबुळात पांढऱ्याचा एक ठिपका. तो पडेपर्यंत मूर्ती मातीची असते. आत्या ब्रश विकतचे वापरायची नाही. खारीच्या शेपटीचे केस काडीला दोऱ्याने आवळून ती स्वतः बांधायची, काही ब्रश तर तीन-चार केसांचे. मला शेजारी बसवून शिकवायची. "छाती भरून हात टाकू नको, हात हालतो. श्वास सोड आन मग टाक. आन कुंदे, समोर बसंल त्याला वाटलं पायजे, ह्यो माझ्याकडंच बघतो." मी मॅट्रिकला बसून नापास झाले होते, घरात माझ्या लग्नाचं बोलणं चालू होतं आणि मला त्या फळीसमोरच्या पाटावर बसण्यापलीकडे जगात काही नको होतं.

आता माझा पुतण्या स्प्रेगनने रंग मारतो. डोळ्यांसाठी कातरलेला कागद धरतो आणि फुस्स करतो. गिऱ्हाईक येतं, मोबाइलवर फोटो काढतं, मूर्तीकडे न बघता फोटोकडे बघतं आणि म्हणतं, "मस्त." असो. मी बोलले की घरात म्हणतात, तुमच्या वेळचं सोडा. मी सोडत नाही.

तर काकू केळी घेऊन आली त्या दुपारची गोष्ट. आत्याला बोलायला त्रास होत होता. तिने अण्णांना जवळ बोलावलं आणि म्हणाली, "अण्णा, माझी आखणी कुंदीला दे. दुसऱ्या कुणाला थितं बसवू नको." अण्णा मानेने हो म्हणाले. काकू पायथ्याशी बसून मिरगुंड खात होती. पोह्याचे मिरगुंड आमच्या आईच्या हातचे, काकूला फार आवडायचे. तिचा हात ताटलीतच थांबला. तेव्हा मला वाटलं, बाईला वाईट वाटलं. माझी अक्कल तेवढीच.

रोह्याच्या वेशीबाहेर या लोकांचं भातशेत होतं, त्यात अर्धा हिस्सा आत्याच्या नवऱ्याचा. त्या दिवसांत रोह्याला कंपन्या येणार अशी हवा उठली होती. ज्यांनी जन्मात बांध ओलांडला नव्हता ते टेप घेऊन शेतात फिरायला लागले होते. प्लॉट, मोजणी, आखणी याशिवाय कोणी दुसरा शब्द बोलत नव्हतं. काकूच्या कानात शिरलं ते एवढंच: आत्याने आपल्या हिश्श्याची गुपचूप आखणी करून घेतली, ती भाचीच्या नावे करतेय, आणि वर तिथे दुसरं कूळ बसवू नका असंही बजावतेय. आत्या पेणला इतकी वर्षं काय करते हे त्यांना ठाऊक नव्हतं काय? 'रंगकाम' करते, एवढं ठाऊक होतं. दर वर्षी आमच्याकडून फुकट गणपती नेत होते, त्याच्या डोळ्यांत डोळे घालून नवस बोलत होते. ते डोळे कोणी काढले, हे एकाही वर्षी त्यांनी विचारलं नाही.

आत्या आषाढात गेली. पुढचं कार्य रोह्याच्यांनी केलं आणि त्याचा उल्लेख भाऊकाका पुढे पाच-सात वर्षं करत राहिले. तेरावं झाल्यावर लगेच भाऊकाका, काकू आणि त्यांचा मुलगा वसंत असे तिघे पेणला हजर. आईने सुतकानंतरचं म्हणून वालाचं बिरडं केलं, तांदळाच्या भाकऱ्या केल्या. तिघांनी बिरडं दोनदा मागून घेतलं. हात धुऊन भाऊकाका कारखान्यातल्या बाकावर बसले, सुपारी तोंडात टाकली आणि अण्णांना म्हणाले, "अण्णा, आता लपवून काय फायदा नाय. आखणी कवा झाली?"

अण्णा साधे. त्यांना वाटलं, माणूस कामाची चौकशी करतोय. म्हणाले, "झाली कुठं भाऊ? अर्धी तशीच राह्यली. बाय आजारी पडली ना."

"म्हंजे अर्धी झाली! कुणी केली?"

"तीच करायची. दुसऱ्याला हात लावू द्यायची नाय."

भाऊकाकांनी वसंताकडे बघितलं. वसंताने मान डोलावली, जणू त्याने हे आधीच सांगितलं होतं. "सगळी मिळून किती भरंल?"

"ल्हानमोठी धरून शंभराच्या वर जातील की."

"शंभर गुंठं?" भाऊकाकांची सुपारी घशात जायची राहिली. "अहो, आमच्या दोघांची मिळून तेवढी नाय! आन नाव कुणाचं?"

आता अण्णा गोंधळले. फळीकडे हात करून म्हणाले, "नाव कुणाचं म्हंजे? गणपतीच सगळे. दोन-चार गौरी हायत."

"गणपतीच्या नावावर केली!" काकू मागून ओरडली. "देवस्थानाला दिली हो! आन आमच्यादेखत म्हनली कुंदीला दे!"

मला हसू आवरेना. मी पुढे होऊन सांगितलं, "काकू, आखणी म्हणजे डोळे. गणपतीचे डोळे. जमिनीचा काही संबंध नाही." इतकं सोपं होतं. पण लोभी माणसाला सोपं सांगितलं की त्याला संशय येतो. भाऊकाका म्हणाले, "आमाला शिकवू नको. आखणी म्हंजे काय ते आमाला कळतं. गेल्या म्हयन्यात त्याशिवाय दुसरं काय ऐकलं नाय आमी." आणि वसंत म्हणाला, "पेटी उघडा. कागद पेटीतच असणार."

आता पेटी उघडायचा हक्क त्यांचा की आमचा, हा प्रश्न अण्णांनी विचारायला हवा होता. पण अण्णांचा स्वभाव असा, की कोणाचा पाय त्यांच्या पायावर पडला तर तेच विचारायचे, लागलं नाही ना. त्यांनी किल्ली दिली. पेटी आमच्या मागच्या खोलीत, आत्याच्या अंथरुणाच्या जागी होती. अंथरूण उचललं होतं, पण भिंतीला तिच्या पाठीचा तेलकट डाग तसाच होता. काकू त्या डागाला पाठ लावून फतकल मारून बसली आणि एकेक वस्तू बाहेर फेकायला लागली. दोन नऊवारी, धुऊन विरलेल्या. काकूने त्या उजेडाकडे धरून बघितल्या आणि विरलेल्या निघाल्या म्हणून तोंड वाकडं केलं. तांब्याचा गडू. तो वसंताने मांडीखाली घेतला. नवऱ्याचा एक सदरा, घडीवर घडी. तो कोणीच घेतला नाही, तो त्यांच्याच घरातल्या माणसाचा होता तरी. सुंठीचा डबा, त्यात सुंठच निघाली. कागद एकही नव्हता. दर वस्तूला काकूचा चेहरा पडत होता आणि दर वस्तूला मी पेटीच्या आणखी जवळ सरकत होते, कारण मला माहीत होतं तळाशी काय आहे.

तळाशी पांढऱ्या फडक्यात आत्याचे ब्रश होते. सगळे. जाडापासून तीन केसांच्यापर्यंत, दोऱ्याने एकत्र बांधलेले. काकूने फडकं सोडलं. काड्या, काड्यांना दोरे, दोऱ्यांत केस, आणि केसांना कडेच्या रेघेचा वाळलेला लाल रंग. ती किंचाळलीच.

"करणी! अहो, करणी केली बाईने! केस बघा, केस! आमच्या घरावर करणी केली!"

"काकू, ते खारीचे केस आहेत. ब्रश आहेत ते," मी म्हटलं आणि हात पुढे केला. काकूने माझ्या हातावर फटका मारला. "शिवू नको! म्हनून माझी कंबर धरली, म्हनून वसंताचं लगीन जमत नाय!" वसंताचं लग्न का जमत नाही हे त्याच्याशी दहा मिनिटं बोललेल्या कोणालाही सांगता आलं असतं, त्याला खार लागत नव्हती. पण भाऊकाकाही घाबरले होते. घरातून हाकललेल्या माणसाने आपल्यावर काहीतरी केलं असणार, याची त्यांना मनातून खात्री असावी. काकूने चुलीशी जाऊन चिमटा आणला, मोळी चिमट्यात धरली आणि मागच्या दारी आंघोळीच्या पाण्याचा बंब धुमसत होता त्यात टाकली.

अण्णा म्हणाले, "भाऊ, ते ब्रश हायत." एवढंच म्हणाले, आणि तेही ती आत पडल्यावर. मी बंबाकडे धावले, तर आईने मला कमरेला धरलं. जळक्या केसांचा वास घरभर झाला. आत्याच्या जळण्याचा वास मी घेतला नव्हता, बायकांना तिकडे नेत नाहीत. तो मला त्या दिवशी घरात बसून मिळाला. मी त्या माणसांचा तेव्हा जो तिरस्कार केला तो आजही ताजा आहे, आणि म्हातारपणी मन निवळतं असं जे म्हणतात ते माझ्या बाबतीत तरी झालेलं नाही.

संध्याकाळच्या एसटीने ते गेले. पेटी नेली, गडू नेला, विरलेली लुगडीही नेली, आणि जाता जाता काकूने मिरगुंडांचा डबा उचलला. करणीच्या घरातलं खायचं कसं, हे तिच्या मनात आलं नाही. पुढे महिनाभर भाऊकाका शेताच्या बांधाने आखणीचे चुना लावलेले दगड शोधत हिंडले असं कळलं. दगड सापडले नाहीत. जमीन आपोआप त्यांचीच झाली आणि कंपन्या भलत्याच बाजूला आल्या.

त्यांनी एकच वस्तू ठेवली होती. त्यांचा पाट. आमच्याकडे गिऱ्हाईक आपापला पाट आधीच आणून देतं, त्यावर त्याची मूर्ती बसते. रोह्याचा पाट जेठातच आला होता आणि घरात माणूस गेलंय म्हणून यंदा साधेपणाने करू, असं कोणी म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अण्णा म्हणाले, शेजारच्या जोहे गावाहून आखणीवाला आणावा लागेल. अर्धे गणपती आंधळे उभे होते. मी म्हटलं, "आत्या काय बोलली?" अण्णा म्हणाले, "बोलली गो. पण ब्रश कुठंय? आन गिऱ्हाइकाच्या मूर्तीवर तुझा हात कसा बसवून बघू?" जोह्याचा माणूस एकदा आत्याच्या पाटावर बसला की उठणार नव्हता, आणि मी लग्नाच्या बाजारात उभी राहणार होते. मी कारखान्यात जाऊन आत्याच्या जागी बसले. समोरच्या कोनाड्यात तिची काळ्या रंगाची करवंटी होती, आजारी पडली त्या दिवशी ठेवलेली. रंग वाळून दगड झाला होता आणि त्यात एक ब्रश उभा अडकला होता. बारीकातला बारीक. धुवायचाही राहिला होता, म्हणून वाचला.

मी करवंटीत कोमट पाणी घातलं आणि ब्रश सुटेपर्यंत तिथेच बसून राहिले. मग अण्णांकडे गेले. म्हटलं, "एक मूर्ती द्या. एकच." अण्णांनी फळीवर नजर फिरवली. सगळ्या मूर्ती गिऱ्हाइकांच्या. शेवटी म्हणाले, "रोह्याची घे. फुकटातलीच हाय, बिघडली तरी काय."

त्या मूर्तीसमोर बसले आणि ब्रश काळ्यात बुडवला. राग असला की हात स्थिर होतो हे आत्याने शिकवलं नव्हतं, ते मला त्या दिवशी कळलं. पापणी ओढली. कड भरली. बुबुळाशी आले आणि थांबले. रोह्याचं ते घर डोळ्यांसमोर आणलं. मखर इथे, भाऊकाका समोर, काकू त्यांच्या शेजारी, आणि गणपतीच्या डाव्या हाताला माजघराचं दार, त्यापलीकडे आत्याची पडवी. मी श्वास सोडला आणि दोन्ही बुबुळं एका केसाइतकी डावीकडे टाकली.

अण्णांनी मूर्ती दारात नेली. उजवीकडून बघितली, डावीकडून बघितली. नजर जाते त्या बाजूला जाऊन उभे राहिले. त्यांना कळलं होतं. मग आईला म्हणाले, "कुंदीला चा कर." जोह्याला निरोप गेला नाही.

चतुर्थीनंतर रोह्याहून तक्रार आली, की यंदाचा गणपती बघतच नाही. कुठेही बसा, नवस बोला, तो आपला मागच्या दाराकडे बघतो. पुढच्या वर्षी त्यांनी मखर दुसऱ्या भिंतीला सरकवलं. अण्णांनी सहज म्हणून मला ते सांगितलं आणि मी सहज म्हणून बुबुळं उजवीकडे टाकली. मखर हलायचं तशी माझी बुबुळं हलायची. दुसरीकडून विकत मूर्ती आणावी हे त्यांच्या मनात कधी आलं नाही, फुकटाची नजर तिरकी असली तरी त्यांना चालत होती. माझं लग्न पेणमध्येच झालं, अण्णा गेले, कारखाना माझ्याकडे आला, तरी रोह्याचा पाट येत राहिला आणि मी तो कधी परत पाठवला नाही.

भाऊकाका गेले त्यानंतरच्या गणपतीत मी रोह्याला गेले. आरती चालू होती. पुढे वसंत, त्याची बायको, मुलं. लग्न अखेर जमलं होतं. काकू दिसली नाही. मी मागे गेले तर ती पडवीत, उंबऱ्याआड, स्टुलावर बसलेली. सून म्हणाली, आम्ही कितीदा सांगितलं पुढे बसा, ऐकत नाहीत. स्वतःचाच नियम, मोडणार कसा? दारातून मखर दिसत होतं. काकूने मला ओळखलं, माझा हात धरला आणि जवळ ओढून म्हणाली, "कुंदे, हसू नको. ह्यो माझ्याकडंच बघतो गो. समोर सगळी बसल्यात, त्यांच्याकडं नाय बघत."

मला वाटलं होतं मला हसू येईल. आलं नाही, आणि त्याचा मला भयंकर राग आला. ती जागा तिची नव्हती. ती नजर मी तिच्यासाठी काढलेली नव्हती.

पुढच्या जेठात वसंत पाट घेऊन आला. म्हणाला, "ताई, मखर आता नव्या खोलीत करनार. यंदा नजर सरळ काढा की." मी त्याच्या हातून पाट घेतला आणि त्याला मखराचं काहीच विचारलं नाही. काकू कुठे बसते, एवढंच विचारलं.